गेटवरचं रजिस्टर

बडोद्यात राहून अध्यात्म टाळणं तसं अवघडच आहे, म्हणजे तुम्ही ठरवलंत तरी ते रस्त्यात आडवं येतंच. एखाद्या रिक्षाच्या मागे 'परस्परदेवो भव' लिहिलेलं असतं, किराणावाल्याच्या गल्ल्यावर रंगावधूत महाराजांचा फोटो असतो, आणि दांडिया बाजारात कामाला गेलात तर श्री अरविंदांचं ऑरो निवास, म्हणजे ते राहायचे ते घर, आहेच. माझं माहेर त्याच भागातलं, त्यामुळे लहानपणी त्या घराचं कौतुक शून्य होतं, आमच्यासाठी ते फक्त 'तिथून डावीकडे वळायचं' असं सांगायची खूण होती. आता वय वाढलं तसं जरा कुतूहल वाढलंय.

अरविंदबाबू १८९३ ला इंग्लंडहून आले ते थेट सयाजीरावांच्या नोकरीत, १९०६ पर्यंत इथेच होते. कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवायचे आणि मराठी-गुजराती स्वतः इथे येऊन शिकले. पण मला आवडतो तो प्रसंग त्यानंतरचा आहे. डिसेंबर १९०७ ला सुरतला काँग्रेसचं अधिवेशन झालं, तेच ते ज्यात जहाल-मवाळ भांडले आणि व्यासपीठावर जोडा फेकला गेला. त्या सगळ्या गदारोळातून अरविंदबाबू बडोद्याला आले आणि इथे त्यांना भेटले विष्णु भास्कर लेले. आपले मराठी माणूस, योगी, पण नाव फारसं कोणाला माहीत नाही, आजही नाही. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोघं तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं ते अगदी साधं, की नुसतं बसा, विचार करू नका, मनाकडे बघत राहा, विचार बाहेरून आत येताना दिसतील, ते आत शिरायच्या आधीच परत पाठवा. आणि अरविंदबाबूंनी तसंच केलं, तीन दिवसांत मन गप्प! नंतर लगेच मुंबईत भाषण होतं आणि डोक्यात तर एक शब्द नाही, तेव्हा लेले म्हणाले की लोकांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणं आपोआप येईल. ते आलंही म्हणे.

आता तीन दिवसांत गप्प होणारं मन त्यांचं, आपलं नाही, हे मला मान्य आहे. माझं मन कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे पण गप्प बसत नाही. पण 'विचार बाहेरून येतात' हे वाक्य मात्र डोक्यात जे अडकलंय ते निघतच नाही. आपण समजतो की विचार म्हणजे आपला घरचा माल, आपणच तयार केलेला, त्यामुळे वाईट विचार आला की आपणच वाईट, आणि मग त्याची वेगळी टोचणी. इथे तर लेले सांगतायत की बाई, तो तुझा नाहीच, तो येतोय, तू फक्त दारात आहेस.

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन काका आहेत. ते कोणालाच अडवत नाहीत, खरं सांगायचं तर त्यांच्याच्याने अडवणं होणारही नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "कोने त्यां जवानुं?", म्हणजे कोणाकडे जायचंय, आणि रजिस्टर पुढे सरकवतात. वेळ, नाव, फ्लॅट नंबर, सही. कुरिअरवाला असो, झोमॅटोवाला असो, कोणाचा जावई असो, सगळ्यांना तोच प्रश्न आणि तोच आवाज. मी हल्ली सकाळच्या चहाला तेच करते. सात वीस, लाइटबिल. सात बावीस, नणंदेचा कालचा मेसेज. सात तेवीस, गुडघा. परत सात तेवीस, नणंदच, यावेळी जरा तावातावाने. परत पाठवणं वगैरे मला जमत नाही, ते अरविंदबाबूंचं काम, मी आपली नोंद करते.

आणि यात एक गंमत आहे जी मला कुठल्या शिबिरात कोणी सांगितली नव्हती. "कोने त्यां?" असं विचारलं ना, की अर्ध्यांना पत्ताच माहीत नसतो! उदाहरणार्थ खालच्या मजल्यावरचे पटेलकाका रोज त्यांची ॲक्टिवा आमच्या पार्किंगमधे आडवी लावतात आणि मला रोज राग येतो, आता हा राग सरळ पटेलांच्या फ्लॅटचा वाटतो की नाही? पण विचारलं तर कळतं की हा तर मुलाच्या ॲडमिशनच्या काळजीचा माल आहे, चुकून पटेलांच्या दारात उतरवलाय. ॲक्टिवा तर गेली कित्येक वर्षं आडवी आहे, एप्रिल-मे मधेच का एवढी खुपते. नणंदेच्या मेसेजमधे पण तसं काही नव्हतं, 'ठीक आहे' एवढंच होतं, नुसतं ठीक आहे, बाकी सगळं मी घरून जोडलेलं. पत्ता बरोबर लागला की राग जातो असं मी म्हणत नाही, तो बसतो तिथे जिन्यात, पण निदान पटेलांची बेल वाजत नाही.

मोबाईलवर ते पर्सनल ग्रोथवाले व्हिडिओ सारखे येतात, पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, रोजचे गोल लिहा, एकवीस दिवसांत नवे व्हा. करणाऱ्यांनी करावं. पण मला वाटतं त्यात माणूस स्वतःवर फारच नजर ठेवतो, मुकादमासारखी. वॉचमन काकांची नजर तशी नाहीये. त्यांना येणाऱ्याला सुधारायचं नसतं.

आता रंगावधूत महाराजांचं ते 'परस्परदेवो भव', एकमेकांना देव माना. महाराज मूळचे आपलेच, पांडुरंग विठ्ठल वळामे, घराणं रत्नागिरीकडचं, जन्म १८९८ चा गोध्र्याचा, आणि मुक्काम नर्मदाकाठी नारेश्वरला. मला आधी हे वाक्य फार गोड वाटायचं, म्हणजे कॅलेंडरवर शोभेल असं. पण जरा लक्ष देऊन वाचलं तर भयंकर कठीण आहे हो! खोलीत बसून विचार बघणं परवडलं. इथे पटेलकाका देव, ॲक्टिवासकट. आणि 'परस्पर' म्हटलंय, म्हणजे नुसतं मी त्यांना देव मानून भागत नाही, पटेलकाकांना माझ्यात पण देव दिसला पाहिजे, आणि मी सकाळी सात तेवीसला ज्या चेहऱ्याने बाल्कनीत उभी असते त्यात तो दिसणं जरा मुश्कीलच. त्यावर मी एवढंच सुरू केलंय की त्यांच्याशी आधी बोलायचं, मग गाडीचं. "केम छो काका, तबियत केवी छे" झालं की पाच मिनिटं त्यांच्या बीपीची गोष्ट ऐकायची, तेवढ्यात ते स्वतःच ॲक्टिवा सरळ करतात. नेहमी नाही. गेल्या आठवड्यात बीपीची गोष्ट ऐकली आणि गाडी होती तशीच राहिली.

आमच्या सासूबाईंना माझं हे रजिस्टर प्रकरण अजिबात पटत नाही. त्या जुन्या वळणाच्या, रोज संध्याकाळी दत्तबावनी म्हणतात, अवधूत महाराजांनी १९३५ साली गुजरातीत लिहिलेली बावन्न ओळींची दत्ताची प्रार्थना, आणि आई ती गुजराती अशा काही सदाशिवपेठी उच्चारात म्हणतात की शेजारच्या बेन हसू दाबून ऐकतात. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून तयार. आजकाल मुलं त्याच फेरीत सरदार पटेलांचा पुतळा पण उरकतात, ते त्यांना बिलकुल आवडत नाही, गाडीतून उतरत नाहीत.

परवा चहा घेताना मी त्यांना लेल्यांची सगळी गोष्ट सांगितली, विचार बाहेरून येतात, आपण नुसतं बघायचं वगैरे. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाल्या, "अगं पण मग दत्ताचं नावही बाहेरूनच येत असेल की. त्याला पण तू सही करायला लावतेस का?"

मी म्हटलं, "आई, याचा विचार नव्हता केला."

"मग कर," म्हणाल्या, "नाहीतरी न करायचा प्रयत्न करून काय मोठं होतंय," आणि चष्मा शोधायला आत गेल्या.