चौकटीची कपाटे की बिनचौकटीची?

न्यू जर्सीतील आमच्या जुन्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करायचे असल्याने आजची दुपार कपाटांच्या शोरूममध्ये गेली. अमेरिकेत रूढ असलेल्या कपाटाच्या तोंडावर साधारण दीड इंच रुंदीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट असते; युरोपीय पद्धतीत, म्हणजे पुण्यामुंबईत ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्यात, ती नसते, बिजागऱ्या थेट बाजूच्या फळीवर बसतात आणि भोके ३२ मिलिमीटरच्या ठरावीक अंतराने पाडलेली असतात. चौकटीमुळे ड्रॉवर आतून अरुंद होतो, आणि कुकर, कढया, परात असा पसारा असलेल्या घरात ते खरोखरच जाणवते. (पत्नीने नमुन्याच्या ड्रॉवरवर हातांनी परातीचा घेर दाखवला, तेव्हा विक्रेता जरा गोंधळला.)

मात्र आमच्या भिंती सरळ नाहीत. चौकट असली की तिच्या कडा तासून तो वाकडेपणा झाकता येतो. ती नसली की दारांमधली फट जेमतेम ३ मिलिमीटरची राहते आणि पातळी किंचित चुकली तरी डोळ्यांत खुपते.

तरीही मी बिनचौकटीचीच निवडली, कारण मला दिखाव्यापेक्षा जागा महत्त्वाची वाटते. चौकटीचा आधार नसल्यामुळे फळ्या मात्र पाऊण इंची प्लायवूडच्याच हव्यात, असे कारागिराला स्पष्ट सांगितले आहे, आणि वाकड्या भिंतीलगतची फट झाकणाऱ्या पट्ट्या तो जागेवरच मापाने कापणार आहे.