तुम्ही विचारलंत म्हणून: लॅटिनचं पुढचं पुस्तक

"पहिलं पुस्तक संपलं, आता लॅटिनसाठी पुढे काय घेऊ?" हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. विचारणारे बहुतेक आमच्यासारखेच, इथे टेक्सासमध्ये मुलांना घरी शिकवणारे. (पुण्याच्या नातेवाइकांचा प्रश्न वेगळा असतो: "लॅटिन कशाला? संस्कृत का नाही?" दोन्ही चालू आहे, असं सांगून मी विषय बदलते.)

तर, पुस्तकाचं नाव नंतर. आधी मुलाला कधीच न पाहिलेल्या चार ओळी वाचायला द्या आणि ते कुठे अडतंय ते शेजारी बसून बघा.

मला हे उशिरा सुचलं. लेक नऊ वर्षांची असताना 'लातिना क्रिस्तियाना' घेतलं होतं. २५ धडे, रोजचं पाठांतर, सोबत लॅटिन प्रार्थना. घरात ख्रिस्ती प्रार्थना ऐकून सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी 'पातेर नोस्तेर' ऐकलं आणि "पातेर म्हणजे पितरच ना गं?" एवढंच विचारलं.

'रामः रामौ रामाः' घोकत वाढलेल्या बाईला पाठांतराचं काय भय? उलट लॅटिन सोपंच वाटलं. द्विवचन नाही, आणि अ‍ॅब्लेटिव्ह नावाच्या एकाच विभक्तीत आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी कोंबलेली. लेक सगळी रूपं घडाघडा म्हणायला लागली तशी मी हुरळले आणि थेट व्हीलॉक मागवलं. १९५६ सालचं नावाजलेलं पुस्तक, ४० प्रकरणं. पण लिहिलेलं कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी. आमची अकरा वर्षांची. सहाव्या प्रकरणात रडारड.

तेव्हा शेजारी बसून पाहिलं. रूप ओळखायला ती कुठेच चुकत नव्हती. प्रत्येक शब्दाखाली इंग्रजी अर्थ लिहायची, बाण काढायची, गणितासारखं वाक्य सोडवायची, आणि तरी वाक्य हाती लागायचं नाही. तिला आणखी व्याकरण नको होतं, भरपूर पानं वाचायला हवी होती.

म्हणून हान्स ओर्बर्ग या डॅनिश शिक्षकाचं 'फामिलिया रोमाना' आणलं. ३५ प्रकरणं, सगळं लॅटिनमध्येच. नवा शब्द आला की पानाच्या कडेच्या समासात चित्र किंवा सोप्या लॅटिनमध्ये खुलासा. सुरुवातच 'रोमा इन इतालिया एस्त'. याला भाषांतर लागतंच कुठे? तिसऱ्या प्रकरणात गाणाऱ्या यूलियाला तिचा भाऊ मारतो: 'मार्कुस पुएल्लाम पुल्सात'. पुएल्ला म्हणजे मुलगी, तिचं द्वितीयेत पुएल्लाम, संस्कृतात 'माला'चं 'मालाम्' तसं. नियम लेकीला दोन वर्षं पाठ होता. पण मार कुणी खाल्ला हे त्या 'म'वरून ठरतं, हे तिला त्या पानावर कळलं. घरात धाकटा भाऊ असल्याने उदाहरणांची ददात नव्हती.

म्हणून सगळ्यांना मी ओर्बर्गच सुचवते असं मात्र नाही. एका मैत्रिणीचा मुलगा केंब्रिजच्या पुस्तकातून पॉम्पेईच्या केकिलियुसच्या गोष्टी भराभर वाचायचा, पण शब्दांचे शेवट न बघता, अंदाजपंचे. त्याला आणखी गोष्टी देणं म्हणजे तीच खोड पक्की करणं. त्याच्यासाठी हेन्लेचं पाठ्यपुस्तक बरं: मोजके शब्द, ढीगभर स्वाध्याय.

पुस्तक बदलताना आम्हाला नडल्या त्या भलत्याच दोन गोष्टी. अमेरिकी पुस्तकांत प्रथमेनंतर षष्ठी म्हणतात. ओर्बर्गकडे, ब्रिटिशांसारखी, आधी द्वितीया. पाठांतराची चालच मोडते. दुसरी गोष्ट उच्चारांची. चर्चच्या पद्धतीने सीझर 'वेनी, वीदी, वीची' (आलो, पाहिलं, जिंकलं) म्हणतो, जुन्या रोमन पद्धतीने 'वीकी'. दोन आठवडे घरात दोन्ही सीझर नांदले, मग आम्ही 'वीकी'वर ठाम झालो. क्रम मात्र लेकीने जुनाच ठेवला. मीही हट्ट केला नाही.

आणि ते व्हीलॉक? विकलं नाही. रात्री भांडी आवरल्यावर मीच घेऊन बसते. तेराव्या प्रकरणापर्यंत पोचलेय.