रिटर्न नाही, सातबारा आहे

अमेरिकेत आल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा काय विचारलं गेलं असेल, तर ‘वडिलांचं टॅक्स रिटर्न कुठे आहे?’ विचारणारा माणूस दर वेळी वेगळा, प्रश्न तोच. कॉलेजच्या पोर्टलवर माझ्या नावापुढे लाल अक्षरांत ‘कागदपत्रं अपूर्ण’. ते लाल असेपर्यंत पुढच्या वर्षाची आर्थिक मदत मंजूर होत नाही. मदत नाही म्हणून फीचं बिल पूर्ण दिसतं. आणि बिल थकलं की पुढच्या सत्राचे विषय निवडता येत नाहीत.

आप्पांचं रिटर्न नाही, कारण ते भरतच नाहीत. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजूला आमची द्राक्षबाग आणि थोडा कांदा, दुसरं उत्पन्न नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे निफाड-दिंडोरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथल्या, कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसातल्या बाईंना मात्र पटेना. रिटर्न नाही म्हणजे एक तर कमाई नाही, नाहीतर काहीतरी लपवताय. त्यांचंही अगदीच चूक म्हणता येणार नाही. इथला शेतकरी रिटर्न भरतो, आणि त्यात शेतीसाठी शेड्यूल एफ नावाचं वेगळं पान असतं.

व्यवस्था थोडक्यात सांगते. सरकारी मदतीचा अर्ज, म्हणजे फाफ्सा, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांसाठी नाही. आम्हाला मिळते ती कॉलेजच्या स्वतःच्या पैशांतून. त्यासाठी माझ्या कॉलेजला कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल नावाचा लांबलचक अर्ज लागतो आणि कागद आयडॉक नावाच्या दुसऱ्या पोर्टलवर चढवायचे असतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलांना प्रवेश देतानाही ऐपत बघत नाहीत, बहुतेक ठिकाणी बघतात. माझं कॉलेज बहुतेकांतलं. देतात तेव्हा हात सैल सोडून देतात, पण दर वर्षी सगळं नव्याने मागतात.

रिटर्न नसेल तर ‘आम्ही रिटर्न भरत नाही’ असं लिहून आई-वडिलांनी सही करायची, हा पहिला कागद. टाइप केलेलं नाव चालत नाही, पेनाने सही हवी. आईने मराठीत सही केली, ती चालली. आप्पांना काळजी वेगळीच. नुसत्या सहीच्या कागदाला कोण विचारतंय? म्हणून ते नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टापाशी जाऊन नोटरी करून आले. तिकीट, लाल सील, गोल शिक्का, सगळं. ऑफिसने शिक्क्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, तारीख कुठाय?

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला. चुलतभावाने, म्हणजे दादाने, सेतूतून काढला. दाखल्यावरचा आकडा तलाठ्याच्या अहवालावरून येतो, जमीन आणि पीक बघून धरलेला अंदाज. (तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झालाय, पण गावात कोण म्हणतंय?) अर्जात आम्ही आप्पांच्या वहीवरून काढलेला आकडा लिहिला होता. दोन्ही जुळले नाहीत आणि लगेच ईमेल आली, माहिती परस्परविरोधी आहे, खुलासा करा. दाखला पाठवायचाच तर त्यातला आकडा कसा धरतात ते दोन ओळींत सोबत लिहून पाठवा.

त्यात वेळेचा घोळ. इथलं ऑफिस सकाळी ९ ला उघडतं तेव्हा नाशिकला संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेसात. तहसील कचेरी सव्वासहाला बंद. २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे शनिवारही गेला. दोन्ही ऑफिसं एका वेळी उघडी असतील असा एक मिनिटही मिळत नाही. इथल्या बाईंनी काही विचारलं की दादा दुसऱ्या दिवशी जाणार, आणि उत्तर माझ्याकडे येईपर्यंत फाइल तिसऱ्याच माणसाकडे गेलेली.

मग सातबारा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, एवढं सोपं इथलंसुद्धा काही नाही. पण तो वाचायचा कसा? भाषांतर मीच केलं, कॉलेजला तेवढं चालतं. क्षेत्राच्या रकान्यात १.२०.०० असं आहे, म्हणजे १ हेक्टर २० आर, जेमतेम तीन एकर. बाईंनी विचारलं, १२० एकर का? आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “एवढी असती तर तुला कशाला धाडली असती तिकडं.”

नावांचा प्रश्न याहून अवघड निघाला. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली, तेव्हापासून उताऱ्यावर आजी, आप्पा, काका आणि दोन्ही आत्या आहेत, क्षेत्र सामाईक. अर्जात विचारतात की शेतीची बाजारभावाने किंमत किती, कर्ज किती, तुम्ही शेतातच राहता का. पिंपळगावकडचा एकराचा भाव डॉलरमध्ये मांडला की आम्ही चांगले पैसेवाले दिसतो. त्यातला आमचा वाटा किती, हे उताऱ्यावर लिहिलेलं नाही. आणि आप्पांना भलतीच चिंता, आत्यांची नावं अमेरिकेत कशाला पाठवायची, त्यांना वाटेल वाटणीचं काही चाललंय. शेवटी मोठ्या आत्यालाच मी फोन केला. ती म्हणाली, “पाठव गं बाई, मला काय तिकडून नोटीस येणारे?” उताऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, तो मात्र ऑफिसला एका वाचनात कळला. कर्ज सगळीकडे सारखंच कळतं.

खरी झुंज वर्षावरून झाली. अर्जाला दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न हवं असतं, आणि तेही जानेवारी ते डिसेंबर. बाग तसं चालत नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, माल फेब्रुवारी-मार्चला. औषधं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), मजुरी हा बहुतेक खर्च एका कॅलेंडर वर्षात आणि पैसा पुढच्या. त्यांनी मागितलेल्या वर्षी बाग बरी गेली होती. पुढच्या हंगामात ऐन काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, मण्यांना तडे गेले आणि निम्मा माल मातीमोल झाला. म्हणजे ते बघणार चांगलं वर्ष आणि फी भरायची वाईट वर्षातून.

वर एका व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची पावती होती, पैसे नव्हते. ती पट्टी माझ्या फोनमध्ये अजून आहे. कार्बनची पुसट निळी अक्षरं, क्रेटची संख्या, वजन, भाव, बाजूला पेनाने मारलेली बेरीज आणि खाली गोल करून ‘बाकी’. व्यापारी गाळा बंद करून पसार झाला, आमच्याकडे हे नवीन नाही. ऑफिसच्या लेखी मात्र ती पट्टी म्हणजे उत्पन्नाचा पुरावा! आप्पांनी पासबुकाची पानं पाठवली, ती रक्कम कुठेच जमा नाही म्हणून, आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत. नुकसानीचा पंचनामा होताच. नाशिकच्या सीएंनी तीन वर्षांचं उत्पन्न, खर्च वजा जाता, एका पानावर मांडून दिलं. त्यावर यूडीआयएन नावाचा १८ अंकी ओळख क्रमांक असतो, तो कुणालाही ऑनलाइन तपासता येतो. या गठ्ठ्यातला कुठला कागद ऑफिसला सगळ्यात आवडला? तोच. नंबर टाकला, खरा निघाला, त्यानंतर त्या कागदावर एकही प्रश्न नाही.

मधेच काकांनी ठरवलं, आपण साहेबांशी बोलू. दादाला शेजारी बसवून त्यांनी फोन लावला. पलीकडून उत्तर, विद्यार्थिनीच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. १९७४ चा फर्पा कायदा आहे, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची माहिती पालकांनाही अशी फोनवर देत नाहीत. काका चिडले. पोरगी आमची, जमीन आमची, कागद आमचे आणि आम्हालाच सांगत नाहीत! मला विचाराल तर तो नियम मला आवडतो, पण हे मी काकांना सांगितलेलं नाही. परवानगीचा अर्ज पोर्टलवर असतो, तो पहिल्याच आठवड्यात आप्पांच्या नावाने भरून टाका.

मदत मंजूर झाली, मागितली त्यापेक्षा थोडी कमी. उरलेल्यासाठी मी लायब्ररीत काम करते. एफ-१ वर कॅम्पसमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं.

यंदाची यादी आली आहे, पुन्हा रिटर्न मागितलंय. या वेळी कागद चढवण्याआधी एक पानी पत्र जोडलं: शेती करमुक्त का, हंगाम कधी ते कधी, हेक्टर म्हणजे किती, उताऱ्यावर कोण कोण. सातबाऱ्याच्या इंग्रजी भाषांतराचा रकानेवार तक्ताही तयार आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या कुणाला लागला तर कळवा, आमची नावं आणि गट नंबर काढून पाठवते.