चरईतलं सागवान

ठाणे स्टेशनवरून जांभळी नाक्याची गर्दी चुकवत चरईत शिरलो, तर एका जुन्या दुमजली घराची कौलं उतरवणं चालू होतं. पुनर्विकास, दुसरं काय! ठाणेकरांना त्याचं नवल राहिलेलं नाही. मी मात्र थांबलो, कारण आतला कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत, उघडा पडला होता.

मिस्त्रीकाकांना विचारून आत गेलो. मी वर बघत होतो, तर ते म्हणाले, "अहो, खाली बघा." सागवानी खांब जमिनीत गाडलेलाच नव्हता, दगडी तळखड्यावर उभा होता. जमिनीची ओल लाकडात चढत नाही, आणि वाळवी आलीच तर दगडावर तिची मातीची रेघ लगेच दिसते. काकांनी बुंध्यावर हातोडी मारली. टणटणीत आवाज! मोरीकडच्या तुळईचं भिंतीत पुरलेलं टोक मात्र बोटानं दाबलं तरी भुसा पडत होता. वरची पन्हळ फुटलेली, पाणी भिंतीत मुरत राहिलेलं. लाकूड भिजलं आणि वाळलं तर फारसं बिघडत नाही; ओल कोंडून राहिली की बुरशी धरते. चार महिने पाऊस आणि वर खाडीची दमट हवा असलेल्या गावात ही देखभाल कोण करणार, हा खरा प्रश्न.

लाकडी घराला आगीची भीती, हे मला अर्धंच खरं वाटतं. बारीक वासे भडकतात हे खरं, पण जाड तुळई बाहेरून कोळसत जाते आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला काही काळ सांभाळतो. उघडं लोखंड तापलं की वाकतं. फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेले जाड लाकडी तक्ते आणि तुळया वापरून अमेरिकेत मिलवॉकीला २०२२ मध्ये २५ मजली इमारत उभी राहिली. तिचे खालचे मजले आणि जिन्या-लिफ्टचे गाभे काँक्रीटचे आहेत, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे जंगलं वाचावीत म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं १९९३ मध्ये स्वतःच्या कामांतलं लाकूड बंद केलं. ती बंदी २०२० मध्ये उठली. हेतू चांगलाच होता. पण त्याजागी आलेलं ॲल्युमिनियम बनवायला वीज किती लागते? झाडानं हवेतून घेतलेला कार्बन तुळईत बसून राहतो, तो हिशेब वेगळाच. अर्थात लाकूड रीतसर लागवडीतलं हवं, नाहीतर सगळं मुसळ केरात.

"खिळा न मारता सांधा जुळवणारा सुतार मिळत नाही आता," काका म्हणाले. "पोरं मॉड्युलर किचनला गेली."

तोवर टेम्पो आला. तुळया अखंड सुटत होत्या, घनफुटाच्या भावानं विकल्याही गेल्या होत्या. घोडबंदरच्या कुठल्याशा फ्लॅटात त्यांचा झोपाळा होणार होता. भिंतींचा राडारोडा तेवढा फुकट न्यायलाही कोणी तयार नव्हतं.

"नव्या इमारतीत लाकूड किती?" मी विचारलं.

"फ्लश डोअर," काका म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.