आज काहीच घडलं नाही, असा दिवस येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वह्या-पेनं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सुटे पैसे खिशात टाकता टाकता हमखास विचारतं, "काकू, एखाद्या तारखेला काहीच घडलेलं नसलं तर फळ्यावर काय लिहिता?"

दुकानाच्या दाराशी फळा आहे. शटर वर केलं की झाडून घ्यायच्याही आधी मी त्यावर तारीख टाकते आणि खाली त्या तारखेचा एक प्रश्न. बरोबर उत्तराला एक रिफिल, निळी. रिफिलीपायी कुणी येत नाही म्हणा, पण हरायलाही कुणाला आवडत नाही.

खरी अडचण उलटीच असते. 12 जानेवारी घ्या. जिजाऊंची जयंती आणि विवेकानंदांचीही. ही दोन उत्तरं शाळकरी पोरं दप्तर न उतरवता देतात. पण 1931 साली याच तारखेला येरवड्यात आमच्या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी फाशी दिली. मी फळ्यावर नुसत्या चार रिकाम्या रेघा ओढते आणि वर लिहिते, 'नावं सांगा.' या चौघांचे पुतळे असलेल्या चौकात रोज रिक्षावाल्याला 'चार पुतळा' सांगून उतरणारी माणसं दोन नावांवर अडतात. मल्लप्पा धनशेट्टी आठवतात, कुर्बान हुसेन आठवतात. जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याशी आलं की गिऱ्हाईक गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीबद्दल बोलायला लागतं. त्या दिवशी रिफिली फारशा जात नाहीत. हा प्रश्न मी दरवर्षी तोच ठेवते. जुना झाला म्हणून बदलायचा नाही, असं ठरवलंय.

तारखा पाठ असणारी मंडळी म्हणजे एमपीएससीवाली पोरं. त्यांना साल विचारण्यात अर्थ नाही, प्रश्न संपायच्या आत सांगतात. म्हणून 2024 च्या 29 फेब्रुवारीला मी जरा तिरका प्रश्न टाकला: मोरारजी देसाई 29 फेब्रुवारी 1896 चे, तर त्यांचा पहिला खराखुरा वाढदिवस कितव्या वर्षी आला? मिलमधून निवृत्त झालेले अण्णा आधी फळ्यावरच चिडले. "संयुक्त महाराष्ट्रावर गोळ्या घालणाऱ्याचा वाढदिवस कशाला ओ लिहिता हितं?" त्यांचा राग रास्त आहे, पण 29 तारखेला जन्मलेली माणसं मला निवडून कुठं मिळणार! उत्तर मी मनात 'चौथ्या' असं धरून बसले होते. एका पोराने चहाचा कप खाली ठेवत सांगितलं, "आठव्या, काकू. 1900 लीप नव्हतं." बरोबर होतं. शतकाच्या सालाला 400 ने भाग गेला तरच लीप, नाहीतर नाही. 1900 सुटलं, मग थेट 1904. त्या पोराला मी दोन रिफिली दिल्या, एक उत्तराची आणि एक माझ्या चुकीची.

हा 400 चा नियम आला कुठून, याचा शोध घेताना तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. जुन्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठं होतं. शतकांमागून शतकं ती मिनिटं साठत गेली आणि तारखा ऋतूंपासून दहा दिवस घसरल्या. पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 साली ते दहा दिवस काढूनच टाकले. इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये 4 ऑक्टोबरच्या गुरुवारी माणसं झोपली आणि उठली ती 15 ऑक्टोबरच्या शुक्रवारी. स्पेनमधल्या संत तेरेसा नेमक्या त्या रात्री वारल्या. त्यामुळे 4 की 15, असा पेच त्यांच्या पुण्यतिथीलाच पडतो.

म्हणजे 10 ऑक्टोबर 1582 ला रोममध्ये काहीच घडलं नाही. भांडण नाही, बारसं नाही, उधारीसुद्धा नाही, कारण ती तारीखच नव्हती.

आणि आमच्या गावाला 10 ऑक्टोबर कोऱ्या फळ्याने घालवताच येत नाही. 1910 साली त्याच तारखेला डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मले. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेले, तिथंच लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथंच गेले. भैया चौकातलं त्यांचं स्मारक सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मी मुलाचं नाव विचारते. यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

मागच्या 10 ऑक्टोबरला फळ्यावर दोन प्रश्न होते, एक कोटणीसांचा आणि एक त्या गायब दहा दिवसांचा. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही वाचले. कोटणीसांचं उत्तर त्यांनी लगेच दिलं. दुसऱ्यापाशी मात्र बराच वेळ थांबले. आयुष्यभर हजेरीवर पगार घेतलेला माणूस.

"काकू, त्या दहा दिवसांचा खाडा धरला का हो त्या लोकांचा?"

मी बरणीतून रिफिल काढून त्यांच्या हातावर ठेवली.