स्वादुपिंड सुजलंय, मग उपाशी का ठेवत नाही?

वॉर्डच्या दारात कुणी ना कुणी मला थांबवतंच. "ताई, स्वादुपिंडाला सूज आहे म्हणाले डॉक्टर. मग पोटाला आराम नको का? काल ॲडमिट केलंय आणि आज तुम्ही मऊ भात लिहून दिलात?" मागोमाग कुणाच्या तरी काकांची गोष्ट येते. त्यांना वीस वर्षांपूर्वी हेच झालं होतं आणि दहा दिवस पाण्याचा घोटही दिला नव्हता.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काकांना उपाशी ठेवणाऱ्यांनी हलगर्जीपणा केला नव्हता. अन्न पचवणारे रस स्वादुपिंडात तयार होतात. ॲक्युट पॅन्क्रिएटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेल्या या सुजेत, ते आतड्यात पोचण्याआधी तिथेच जागे होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. खाल्लं की रस वाढणार, म्हणून खाणं बंद. मी शिकले तेही असंच: तोंडाने काही नाही, सलाईन चालू, आणि फारच दिवस लागले तर शिरेतून पोषण.

या हिशेबात आतडं राहून गेलं होतं. आतड्याच्या अस्तराला त्याचं स्वतःचं पोषण बरंचसं समोरून जाणाऱ्या अन्नातूनच मिळतं. आतडं रिकामं राहिलं की हे अस्तर कमजोर होतं, तिथले जंतू आतून निसटतात आणि स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात जाऊन बसतात. या आजारात पुढे जीवावर बेततं ते पुष्कळदा या जंतुसंसर्गामुळे. १९९७ च्या सुमारापासून शिरेतून पोषण आणि नळीने आतड्यात पोषण यांची तुलना होऊ लागली. ज्यांचं आतडं चालू ठेवलं, त्यांच्यात संसर्ग कमी झाला आणि गंभीर रुग्णांत मृत्यूही कमी झाले.

नोकरीच्या पहिल्या वर्षातले एक सुतारकाका मला अजून आठवतात. रोज सकाळी विचारायचे, "आज तरी पेज?" मी फाईल बघायची आणि नाही म्हणायची. उलटी थांबली होती, दुखणं उतरलं होतं, भूक लागली होती. रक्तातलं लायपेज, म्हणजे या सुजेत वाढणारा स्वादुपिंडाचा एक पाचक रस, मात्र उतरलं नव्हतं, म्हणून नऊ दिवस उपास. घरी गेले तेव्हा दंड काठीसारखे झाले होते. दोन महिने त्यांना रंधा धरवला नाही, असं त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. भूक लागलेल्या माणसाला मी कागदावरचा आकडा बघून नाही म्हणत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आम्ही लायपेजच्या आकड्याची वाट बघत नाही. सौम्य आजारात, आणि बहुतेकांचा सौम्यच असतो, उलटी थांबून भूक लागली की डॉक्टर सहसा पहिल्या २४ तासांतच खायला सुरुवात करायला सांगतात. आधी दोन दिवस नुसतं पाणी आणि सरबत, असंही लागत नाही. गुरगुट्या भात, फोडणी न घातलेलं मुगाचं वरण, इडली, शिजवलेला दुधी, साय काढलेल्या दुधाचं ताक. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. पोट फुगलं, उलटी झाली किंवा कळ वाढली तर थांबायचं आणि सिस्टरना सांगायचं. तेवढ्याने घाबरून पुन्हा चार दिवस उपास मात्र नको.

ज्यांना तोंडाने जात नाही त्यांच्यासाठी नाकातून नळी. नळी म्हटलं की नातेवाईकांचा चेहरा उतरतो, शेवटचं आल्यासारखा. तसं नसतं. गंभीर आजारात शरीर स्वतःचे स्नायू जाळत असतं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि वाटीभर वरणात ती पाच-सहा ग्रॅमच असतात. ती भर नळीतून घालता येते. पण सगळ्यांनाच पहिल्या दिवशी नळी घालायचीही घाई नसते. नेदरलँड्समधल्या १९ रुग्णालयांत २०८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सगळे आजार बळावण्याचा धोका असलेले. २४ तासांत नळी घातली काय किंवा तीन दिवस थांबून तोंडाने दिलं काय, फरक पडला नाही. थांबलेल्यांपैकी ६९ टक्क्यांना नळी लागलीच नाही.

उपासाइतकीच काळजी मला चौथ्या-पाचव्या दिवसाची वाटते. माणूस बरा दिसू लागतो आणि घरून ताकदीसाठी म्हणून तुपातला शिरा येतो, पायाचं सूप येतं. प्रेमानेच येतं, पण इतकी चरबी पचवायला स्वादुपिंड अजून तयार नसतं. ज्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १००० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर जाऊन हा आजार झाला, त्यांना तर तेलातुपाचं माप पुढेही काटेकोरच ठेवावं लागतं, आणि त्यांचं खाणं केव्हा सुरू करायचं हेही डॉक्टर वेगळं ठरवतात. दारू सगळ्यांनाच बंद. पित्ताशयात खडे असतील तर शस्त्रक्रिया "नंतर बघू" म्हणून घरी नेऊ नका, पुन्हा झटका येतो.

तेव्हा डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर डबा परत नेऊ नका. भात अजून थोडा मऊ करून आणा, वरणाला नुसतं हळद-मीठ. पहिले चार घास होईपर्यंत मी कॉटजवळ थांबते.