चादरीवरच्या मुंग्या

फाइल घेऊन येणारे पेशंट मला लांबूनच ओळखू येतात. बाकावर बसल्या बसल्या ते फाइल मांडीवर आडवी धरतात आणि नंबर येईपर्यंत आतले कागद वर-खाली करत राहतात. कर्वेनगरात माझी साधी फॅमिली डॉक्टरची प्रॅक्टिस आहे. सर्दी-खोकला, बीपी-शुगर, पावसाळ्यात डेंगी. पूर्वी असा एखादाच यायचा. आता बरेच येतात, आणि येतानाच मोबाइलवर निदान करून येतात.

हे गृहस्थ त्यातलेच. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, चाकणकडच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) संध्याकाळच्या ओपीडीत बायको आणि थोरल्या भावाबरोबर आले. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, फायब्रोस्कॅनची चिठ्ठी हवी होती. आणि आज एक सलाइन लावाच. अंगात त्राण नाही."

फायब्रोस्कॅन म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. फाइलमध्ये लिव्हर फंक्शनचे रिपोर्ट होते, वर्षभराचे. लॅब मात्र दर वेळी वेगळी. वारजे, कोथरूड, डेक्कन, सिंहगड रोड. "त्याच लॅबमध्ये परत गेलं की रक्त घेणारा मुलगा ओळखतो हो," ते म्हणाले. प्रत्येक कागदावर एसजीओटी आणि एसजीपीटी या यकृताच्या दोन एन्झाइमच्या आकड्यांभोवती निळ्या शाईचे गोल आणि कडेला भागाकार. दारूने यकृताला मार बसला की एसजीओटी बरेचदा एसजीपीटीच्या दुपटीवर जातं, हे त्यांनी वाचलं होतं. बरोबरच वाचलं होतं.

मग फोन पुढे आला. गॅलरीत एक फोल्डर आणि त्यात फक्त डोळे. स्वतःचे. खालची पापणी बोटाने ओढून रोज सकाळी बाथरूममध्ये काढलेले फोटो. काही पिवळट, काही लालसर, काही नुसतेच हललेले. "हा मे महिन्यातला, हा जूनमधला. फरक आहे ना?" मला फरक दिसत होता तो बल्बचा. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, साधारण दोन-तीनच्या वर गेल्याशिवाय डोळ्यांत पिवळेपणा दिसत नाही, आणि तो बघायचा दिवसाच्या उजेडात. त्यांचं बिलिरुबिन कुठल्याच रिपोर्टात दीडच्या वर नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि लगेच तळहात पुढे केले. "मग ही लाली?"

दारूचं विचारल्यावर त्यांनी भावाकडे एकदा पाहिलं. "घेतो, पण प्रमाणात. दोन पेग."

दोन पेग या उत्तरावर माझा काडीचा विश्वास नाही. लहान पेग ३० मिलीचा, मोठा ६०चा आणि घरी ओतलेला पेग ओतणाऱ्याच्या मनाचा. म्हणून माझ्या टेबलावर स्टीलचा पेला, पाण्याची बाटली आणि औषध मोजायचं प्लास्टिकचं माप कायम असतं. बायको-भावाला बाहेर बसवलं आणि पेला पुढे सरकवला. "घरी जेवढा भरता तेवढा भरून दाखवा." लोक आधी ओशाळं हसतात, मग भरतात, मग आम्ही दोघं मिळून मोजतो. भांडणाला जागा राहत नाही.

यांना तो भरताच येईना. बाटलीचं तोंड पेल्याच्या काठाला लागलं आणि टकटक, टकटक सुरू झालं. पाणी पेल्यात कमी आणि टेबलावर जास्त. उघड्या फाइलवर ओघळ गेला, निळे गोल फुटून पसरायला लागले. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही हात कापायला लागले. "बघा," ते म्हणाले, "कालपासून हे चालू झालंय. लिव्हरचंच ना?"

"शेवटची कधी घेतलीत?"

"परवा, गटारीला. रात्री बारा-एकपर्यंत बसलो होतो. काल श्रावण लागला ना. या वेळी ठरवूनच टाकलंय, महिनाभर थेंब नाही."

त्याआधीचं हळूहळू बाहेर आलं. रोज एक क्वार्टर, सुट्टीला दोन. आणि गेले काही महिने सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी 'थोडीशी'. क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे एका क्वार्टरमधून जवळपास ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल पोटात जातं. वर्षानुवर्षं, रोज. आणि परवा रात्रीपासून शून्य.

नाडी १२४. बीपी १७०/१०४. बाहेर पावसाने गारठा आणि यांचा बनियन घामाने चिंब. जीभ बाहेर काढायला सांगितली तर तीही थरथरत होती. पोट तपासलं, यकृत बोटाला लागत होतं, थोडं वाढलेलं. पण त्या क्षणी मला यकृताची फिकीर नव्हती. वर्षभर ज्याच्यावर पाळत ठेवली होती तो अवयव एका बाजूला गप्प होता आणि धोका दुसरीकडून आला होता. तोही दारू सोडल्यामुळे.

अल्कोहोल मेंदूला रोज दाबून ठेवतं. मेंदूही मग तेवढाच जोर उलट लावायला शिकतो. रस्सीखेचीत एका बाजूने अचानक दोर सोडला की दुसरी बाजू कोसळते, तसं दारू एकदम तोडल्यावर होतं. पहिल्या सहा-आठ तासांत हात कापणं, घाम, धडधड. साधारण ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भ्रम होतो, ताप चढतो, माणूस वेळ-जागा विसरतो. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाले तर त्यात माणूस दगावतो. सगळ्यांचं असं होत नाही. पण रोज एवढी पिणाऱ्याचं, त्यातून सकाळी लागणाऱ्याचं होऊ शकतं. यांचे चाळीसच्या वर तास उलटून गेले होते.

बायकोला आत बोलावलं. रात्री झोपले का, विचारलं.

"कुठे हो. रात्रभर उठून चादर झटकत होते. मुंग्या झाल्यात म्हणे. पावसाळ्यात होतातच आमच्याकडे, तळमजला आहे. मग मी मुंग्यांचा खडू घेतला आणि पलंगाच्या चारी पायांना रेघा मारल्या."

"तुम्हाला दिसल्या मुंग्या?"

ती थांबली. "नाही," म्हणाली. "मला एकही नाही दिसली. पण ते एवढं सांगत होते..."

मी चिठ्ठीचं पॅड ओढलं आणि सांगितलं की यांना आत्ताच्या आत्ता ॲडमिट करायचंय. इथून पुढचा अर्धा तास पेशंटशी कमी आणि भावाशी जास्त गेला. माणूस वाईट नव्हता. रिक्षात बसवून भावाला घेऊन आलेला, कामावरून सुट्टी काढलेला. पण त्याला हे पटेना. सोडली म्हणून आजारी कसा पडेल? आमच्या वडिलांनी माळ घातली त्या दिवसापासून शिवली नाही, त्यांना काही झालं नाही. मन घट्ट पाहिजे. मग आवाज खाली आणून, "मॅडम, नाहीतर थोडी देऊ का? कापरं थांबेल." थांबेलही, म्हटलं. दोन-चार तास. मग परत तेच.

शेवटी खरी गोष्ट बाहेर आली. "कागदावर दारूचं लिहू नका. व्हायरल ताप लिहा, अशक्तपणा लिहा. मेडिक्लेम नामंजूर होईल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बहुतेक पॉलिसींत दारूच्या व्यसनावरचे उपचार वगळलेले असतात आणि खासगी रुग्णालयाचं बिल या घराला झेपणारं नव्हतं. मला याचा राग येतो, विमावाल्यांचाही आणि या व्यवस्थेचाही. पण मी ते लिहिणार नव्हते, आणि त्यात तत्त्वाचा बडेजाव काही नाही. 'व्हायरल ताप, अशक्तपणा' अशी चिठ्ठी घेऊन माणूस गेला तर कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टर काय करेल? ग्लुकोजची सलाइन लावेल. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा, खडखडाट असतो. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. रात्री भ्रम झाला तर तापाचा पेशंट बडबडतोय म्हणून हातपाय बांधून ठेवतील. हे सगळं मी भावाला जसंच्या तसं सांगितलं. पैशांसाठी सरकारी ससून रुग्णालयाचा पर्यायही सांगितला. बायको मध्येच म्हणाली, "भाऊजी, लिहू द्या त्यांना." तिथे विषय मिटला.

मी त्यांना थायमिनचं इंजेक्शन दिलं, मेंदू शांत करणारी लोराझेपामची एक गोळी दिली (यकृतावर शंका असताना तीच त्यातल्या त्यात बरी, पण ही घरी मनाने घ्यायची गोळी नव्हे, दारूबरोबर तर मुळीच नाही) आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं: रोजची दारू, शेवटची कधी, किती, रात्री भास. 'आधी थायमिन' याखाली दोन रेघा. जाताना ते दारातून वळले. "आणि फायब्रोस्कॅन?"

घराजवळच्या एका खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केलं. त्या रात्री दोनच्या सुमारास त्यांनी हातातली सुई उपटली. सिस्टरला स्टोअर्समधला मदतनीस समजून माल मोजायला लावत होते. ताप १०२. आयसीयूत हलवावं लागलं. चौथ्या दिवशी भानावर आले तेव्हा त्यांना यातलं काहीही आठवत नव्हतं, गटारीसुद्धा पुसट.

तिथल्या रिपोर्टात एसजीओटी १४८, एसजीपीटी ६२. भागाकार त्यांनी स्वतः केलाच असेल. जीजीटी हे यकृताचं आणखी एक एन्झाइम बरंच वाढलेलं, तांबड्या पेशींचा आकार मोठा, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. फायब्रोस्कॅन लगेच करण्यात अर्थ नव्हता, कारण ताज्या दारूच्या सुजेने त्यातला आकडा फुगतो. दोन महिन्यांनी केला तेव्हा सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी पार कडक झालेलं यकृत, नव्हता; यकृतात व्रण धरायला मात्र सुरुवात झाली होती. यकृतावरची चरबी दारू बंद ठेवली तर काही आठवड्यांत उतरायला लागते. व्रणांचं एवढं सरळ नसतं, ते हळूहळू कमी होतात, झाले तर.

पुढच्या भेटींमध्ये वर्षभराचा हिशेब लागत गेला. रात्री प्यायचे, पहाटे दारूचा अंमल उतरला की छाती धडधडायची, घाम फुटायचा. त्यांना वाटायचं, लिव्हर चाललं. एका पहाटे हार्ट अटॅक समजून ईसीजी काढून आले होते. मग आरसा, फोटो, गुगल. दिवसभर पोटात गोळा. संध्याकाळी तो गोळा विरघळवायला तीच बाटली. भीती आणि दारू एकमेकींना पोसत होत्या. आणि रिपोर्ट बऱ्यापैकी आला की? त्या रात्री मित्रांबरोबर बसायचंच, सुटलो म्हणून. लिव्हर फंक्शनचे आकडे ठीक असूनही यकृत आत कडक होत गेलेलं असू शकतं, हे त्यांनी वाचलेल्या ढीगभर माहितीत कुठेतरी असणारच. पण तेवढं सोयीने राहून गेलं होतं.

अशा माणसाला 'काही नाही हो, उगाच घाबरता' म्हणणं निरुपयोगी असतं. पहिली गोष्ट, यांना काहीतरी होतं. दुसरी, धीर दिला की तो जेमतेम घरी पोहोचेपर्यंत टिकतो. मानसोपचारतज्ज्ञांनी औषधं सुरू केली, समुपदेशन सुरू झालं आणि माझ्याकडे एक करार झाला: डोळ्यांचे फोटो बंद, लॅब एकच, रक्त तीन महिन्यांतून एकदा, आणि रिपोर्ट आधी मी बघणार. तीनचे दोन महिने करायला त्यांनी बरीच घासाघीस केली. बायकोने मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं. १९८६पासून ते पुण्यात आहे, तिच्या माहेरचं कुणीतरी तिथे राहून आलेलं. "तिथे व्यसनी लोक जातात," हे म्हणाले. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. पुढच्या आठवड्यात गेले.

दिवाळीत एकदा घसरले. पण या वेळी स्वतःच्या मनाने एकदम बंद नाही केली, दुसऱ्याच दिवशी फोन करून आले.

त्यानंतरच्या आषाढात मी दवाखान्याच्या दारावर पाटी लावली: 'रोज घेत असाल आणि श्रावण पाळणार असाल, तर बंद करण्याआधी भेटा.' आमच्या मावशींना ती पसंत नव्हती. लोक म्हणतील, डॉक्टरच प्या म्हणून सांगतात. झालं भलतंच, पुण्यातली पाटी म्हटल्यावर येणारा-जाणारा तिचा फोटो काढायला लागला. बीपीचे एक निवृत्त पेशंट चष्मा वर करून ती वाचून आत आले. "मॅडम, गटारीच्या आधी भेटायचं की नंतर?"

"आधी. आणि येताना घरचा पेला घेऊन या."

खरंच घेऊन आले, रुमालात गुंडाळून. नेहमीसारखा भरायला लावला आणि मोजला. ११० मिली.

"अहो, पण मी बर्फ घालतो," ते म्हणाले.